कारण न लिहिलेलं शून्य

४ जून, मंगळवार

हजार माणसांसमोर मी घाबरत नाही. एका खुर्चीला घाबरते.

लिहिलं एकदाचं! आता पुढचं.

मुलाखतीचं पत्र आलं. सव्वीस तारीख, सकाळी अकरा, समितीची खोली, पहिला मजला. तर्कशास्त्राची एक कायम जागा. नऊ वर्षं मी याच कॉलेजात हाच विषय तासिका तत्त्वावर शिकवते आहे — तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर घरी बसा. येत्या डिसेंबरात माझी वयाची अट संपते. म्हणजे ही शेवटची वेळ. यानंतर अर्जसुद्धा करता येणार नाही.

पत्र वाचल्यावर पहिल्यांदा काय आठवलं? विषय नाही. विचारतील ते प्रश्न नाहीत. खुर्ची! समितीच्या टेबलासमोरची, दोन्ही बाजूंना लाकडी हात असलेली. चार वर्षांपूर्वी मी तिच्यात बसले होते. बसले कसली — पुढच्या कडेला टेकले होते, पंचवीस मिनिटं, मांड्या थरथरेपर्यंत. बाहेर आले तेव्हा काय विचारलं, काय बोलले, काही आठवत नव्हतं. फक्त मांड्या.


५ जून

भाचीला सांगितलं. ताईची नोकरी लांब, म्हणून दोन वर्षं झाली ही माझ्याकडे आहे. यंदा दहावी. बांधा माझ्यावर गेलाय. ताई म्हणते, ‘डोकंही तुझ्यावरच गेलंय, ते बघ की!’

अभिनंदन नाही, काही नाही. तिने एकच विचारलं.

‘मावशी, खुर्ची तीच आहे का गं?’

मी तिला त्या खुर्चीबद्दल कधी सांगितलं होतं? आठवत नाही. सांगितलं असणार. नको होतं सांगायला.


६ जून

शिक्केवाल्यांकडे गेले. कॉलेजचे जुने कारकून, खरं नाव पगारपत्रकालाच ठाऊक. मला म्हणाले, ‘मॅडम, जुनं काढू नका.’ मी म्हटलं, काढा. गेल्या वेळचा माझा गुणपट पाहायचाय.

काढला. पाच सभासदांची पाच पानं. विषयाचं ज्ञान, चाळीसपैकी. अध्यापन, चाळीसपैकी. व्यक्तिमत्त्व, वीसपैकी. ज्ञानात छत्तीस-सदतीस, अध्यापनात सदतीस-अडतीस. आणि व्यक्तिमत्त्वात पाचही पानांवर — तीन. तीन, तीन, तीन, तीन, तीन.

‘सगळ्यांनी ठरवून दिले का हो?’

‘ठरवायचं काय त्यात!’ ते हळू आवाजात म्हणाले. ‘शून्य दिलं तर शेजारच्या रकान्यात कारण लिहावं लागतं, सहीनिशी. तीनला काही लिहावं लागत नाही.’

‘मग एक का नाही? दोन का नाहीत?’

‘एक-दोन डोळ्यांवर येतात, मॅडम. वरून विचारणा होते. तीन बरं असतं. तीनकडे कोणी बघत नाही.’

म्हणजे तीन हा आकडाच नाही. ते कारण न लिहिलेलं शून्य आहे!

मी तर्कशास्त्र शिकवते. पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिते — ज्या शब्दाची व्याख्या नाही, त्यावर निष्कर्ष उभारू नका. आणि इथे व्यक्तिमत्त्व! व्याख्या कुठे आहे? उंची? आवाज? कपड्यांची इस्त्री? कोणी तरी सांगा मला! — हे सगळं जिना उतरताना मनातल्या मनात बोलले. शिक्केवाल्यांसमोर फक्त म्हणाले, ‘बरं. धन्यवाद.’


९ जून

तासिकावाल्या शिक्षकांची सभा. सभागृह खच्चून भरलेलं. चाळीस मिनिटं बोलले. कागद नाही, पाणी नाही. ‘ज्या हातांनी तुम्ही फळा पुसता त्याच हातांनी तुमचं नाव हजेरीपटावरून पुसलं जातं!’ — टाळ्या. मागच्या रांगेतला एक जण उभा राहिला, मग सगळे. त्या चाळीस मिनिटांत मला शरीर नसतं. फक्त आवाज असतो. मी तिथेच राहायला गेले असते तर!

सभेनंतर संघटनेचे सचिव आले, खूश. ‘मॅडम, तुमची वाक्यं फलकावर घेतोय. तीन मोठे फलक.’ मी म्हटलं, छान. ‘फोटो मात्र त्या भूगोलवाल्या बाईंचा टाकू म्हणतोय. म्हणजे कसं… उपाशी शिक्षक म्हणायचं, आणि…’ पुढचं वाक्य त्यांनी हसण्यावर नेलं.

मीही हसले. आपल्याच माणसांसमोर काय बोलायचं.

जाता जाता म्हणाले, ‘सव्वीसला मात्र सोडू नका त्यांना. त्यांच्या टेबलावर त्यांची सालटं काढा! तुमच्याशिवाय कोण बोलणार?’

कोण बोलणार! 


११ जून

मुलाखतीला उंची-वजनाचा दाखला लागतो. डॉक्टरांची सही हवी. तर्कशास्त्राला वजन कशाला? विचारायला हवं होतं. विचारलं नाही. दवाखान्यात पंधरा-वीस माणसं बाकांवर. कंपाउंडरने काट्यावर उभं केलं आणि आतल्या डॉक्टरांना ऐकू जावं म्हणून आकडा ओरडून सांगितला. दोनदा. पहिल्यांदा डॉक्टरांचा विश्वास बसला नाही.

बाकावरची एक बाई शेजारणीला म्हणाली, ‘अगं, या त्याच ना, परवा भाषण केलेल्या? आवाजावरून वाटलं नव्हतं हो!’

आवाजावरून काय वाटलं होतं, बाई?


१२ जून

आज फक्त दोन तास. दोन्ही चांगले झाले. तरी जिना चढताना मागे मुलं होती म्हणून कठड्याला हात लावला नाही. धाप गिळली.


१४ जून

ग्रंथालयात बसले दिवसभर. वजन, शिक्षण, नोकरी — या तिन्हींवर जे मिळेल ते. पानंच्या पानं तक्ते. जाड मुलं शाळेत मागे पडतात. जाड माणसांना, त्यातही बायकांना, नोकऱ्या कमी, पगार कमी, बढती उशिरा. सगळे विद्वान एकाच गाठीशी बसलेले: वजनामुळे शिक्षण आणि नोकरी जाते, की शिक्षण आणि नोकरी नसल्यामुळे वजन वाढतं? आधी काय, नंतर काय? एक जण म्हणतो गरिबी. एक म्हणतो आळस. (त्या पुस्तकाला मनातून दोन लगावल्या.) एक जण सावध, म्हणतो की दोन्ही बाण दोन्हीकडे जात असावेत.

सगळ्यांनी माणसं मोजली आहेत. खुर्ची कोणीच मोजलेली नाही.

वहीत हे वाक्य उतरवलं, आणि वाटलं, व्वा! काय भाषण होईल! मग लक्षात आलं, हे भाषण मी कुठेच करू शकणार नाही. आजवर पगारावर बोलले, हक्कांवर बोलले, दुसऱ्यांच्या अपमानांवर तर गळा फाडून बोलले. ‘मी जाड आहे’ हे तीन शब्द माईकवर कधी आले नाहीत. आले तर सभागृह टाळ्या वाजवणार नाही. बघेल. नुसतं बघेल!


१६ जून, रविवार

भाचीच्या वह्या आवरताना रसायनाची प्रयोगवही निघाली. जानेवारीनंतर कोरी. ही मुलगी मागच्या वर्षापर्यंत विज्ञानात पहिली!

विचारलं. आधी, ‘सर जर्नल तपासतच नाहीत.’ मग, ‘तू तुझं बघ ना!’ मग रडली. रडता रडता सांगितलं.

जानेवारीत प्रयोगशाळेतलं स्टूल मोडलं. ही बसली होती म्हणून मोडलं असं नाही, त्या स्टुलाचा पाय आधीच दोरीने बांधलेला होता. पण खाली पडली ही. हातातलं चंचुपात्र फुटलं. सर म्हणाले, ‘लागलं नाही ना?’ आणि मग सगळ्यांकडे बघून, ‘स्टुलाला विचारतोय!’

वर्ग हसला. त्या दिवसापासून हिला भूकंप म्हणतात. हात वर केला की मागून कोणी तरी बाक हलवतं. म्हणून हात वर करणं बंद. प्रयोगाच्या दिवशी पोट दुखतं. प्रात्यक्षिकाचे गुण गेले, ते गेल्यामुळे एकूण गुण गेले, आणि वर्गाच्या बाई म्हणाल्या, ‘हिचं अभ्यासातलं लक्ष उडालंय, अंगाने सुस्त झाली आहे.’

बघा! असा तयार होतो तक्ता. आधी काय, नंतर काय म्हणून विद्वान विचारतात. आधी दोरीने बांधलेलं स्टूल!

‘सहा महिने सांगितलं का नाहीस?’

‘तू तरी कुठे सांगतेस?’

थोड्या वेळाने, नाक पुसत म्हणाली, ‘मावशी, मला अशी नोकरी करायची आहे जिथे कोणाला दिसत नाही. फोनवरची वगैरे. असते ना? त्याला दहावी पुरते.’

डॉक्टर व्हायचं म्हणत होती. वर्षसुद्धा झालं नाही त्याला.

मला भीती वाटतेय. स्वतःची वाटते त्याहून वेगळी. ही माझ्याकडे बघून गणित मांडतेय. सव्वीसला माझं जे होईल ते ती उत्तर म्हणून खाली लिहून ठेवणार.


१७ जून

शाळेत गेले. सर म्हणाले, ‘अहो, गंमत केली. तुम्ही एवढ्या मोठ्या वक्त्या, तुम्हाला विनोद कळत नाही?’

मी असं बोलले की त्यांच्या खोलीबाहेर शिपाई गोळा झाले. नवी स्टुलं मागवतो म्हणाले. ठीक. दुसऱ्याच्या वाटणीचं मला बोलता येतं. तिथे माझं काही अडत नाही.


१८ जून

गल्लीतल्या शिंपीणबाईंकडे मुलाखतीचे कपडे टाकले. टेप कमी पडली तशी दुसरी टेप जोडत म्हणाल्या, ‘ताई, तुमच्याकडून दोन माणसांची शिलाई घ्यायला हवी. पण तुम्ही बोलता चारांचं, म्हणून माफ!’ त्यांचं बरं वाटतं. त्या तोंडावर बोलतात आणि काखेत सैल ठेवतात.

त्यांची टेप मागून घेतली. दुपारी समितीची खोली उघडी होती. शिपाईमामा बाहेर बिडी ओढायला गेले होते. चोरासारखी आत गेले. खुर्चीच्या दोन हातांमधलं अंतर मोजलं.

साडेसतरा इंच.

मी बावीस.

साडेचार इंच! नऊ वर्षं, दोन पदव्या, चार हजार विद्यार्थी, आणि मध्ये साडेचार इंच.


१९ जून

अर्ज लिहिला: ‘मुलाखतीच्या वेळी बिनहातांची खुर्ची मिळावी ही विनंती.’ शिक्केवाल्यांना दाखवला. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि अर्ज घडी करून परत माझ्या हातात दिला.

‘मॅडम, कागदावर काही आणू नका. कागदावर आलं की ते पाच जण आधीच बघून ठेवणार. तुम्ही आपलं जाऊन बसा कसंबसं.’

फाडला.


२१ जून

घरात आमचा एक शब्द तयार झालाय. आमटी खारट झाली — ‘किती गं?’ ‘तीन!’ शेजारच्या काकांचं गाणं — तीन. घरमालकाचा स्वभाव — तीन. कारण विचारायचं नाही, असा नियम. खूप हसलो. कितीतरी दिवसांनी.

मग मुलाखतीची तालीम. ती अध्यक्ष झाली, माझा चष्मा लावून. प्रश्न चांगले विचारले पोरीने! ‘मॅडम, मुलं तर्कशास्त्राला झोपतात, तुम्ही काय कराल?’ मी म्हटलं, ‘झोपलेल्याला उठवायचं असेल तर त्याच्या घरातलं उदाहरण द्यायचं.’ तिने मान डोलावली, कागदावर गुण लिहिले आणि कागद माझ्याकडे सरकवला.

ज्ञान एकोणचाळीस. अध्यापन चाळीस. व्यक्तिमत्त्व — तीन.

‘ए! मघाचा विनोद संपला आता.’

ती हसत नव्हती. ‘विनोद नाही केला. तिथे तेवढेच देतात ना?’

मी कागदाची घडी करून वहीत ठेवली.


२३ जून

कालपासून एक वाक्य डोक्यात आहे. ‘मला तीन देऊ नका. शून्य द्या, आणि कारण लिहा.’

एवढंच. भाषण नाही. आरशासमोर म्हणून पाहिलं. पहिल्यांदा ठीक. दुसऱ्यांदा मध्येच पाणी प्यायला उठले.

म्हणणार का? म्हटलं आणि त्यांनी खरंच शून्य दिलं तर? जागा गेली. डिसेंबरनंतर काय? तासिका तर दरवर्षी कमी होतायत. नाही म्हटलं तर? तर तीन मिळतील, आणि ज्ञान-अध्यापन इतकं भारी करायचं की तीन असूनही पुढे जायचं. होऊ शकतं! गप्प बसून होऊ शकतं. गप्प बसणंच शहाणपणाचं आहे, हे तर्काने सिद्ध करता येतं. मी केलंही. दोन पानं.

मग ती दोन पानं विद्यार्थ्याची समजून तपासली. एक आधारविधान कच्चं निघालं — ‘भाची बघत नाही’ असं गृहीत धरलं होतं.


२५ जून

उद्या. जेवण गेलं नाही. ‘जेवण गेलं नाही’ असं म्हटलं तर लोक हसतील. जाड माणसाला भीतीसुद्धा बारीक होऊनच वाटायला हवी!


२६ जून

जसं झालं तसं लिहिते. सजवायचं नाही.

पाच जण. मध्ये अध्यक्ष. दोन बाहेरचे तज्ज्ञ. शिक्षण कार्यालयातल्या एक बाई, सोनेरी काडीचा चष्मा. आणि टोकाला डुलकीसर — याच कॉलेजातले निवृत्त, मी विद्यार्थिनी असताना वर्गात मुलांच्या आधी झोपायचे. आजही डोळे मिटलेलेच होते.

ठरवलं होतं की उभी राहून बोलायचं, ‘सवय आहे’ म्हणायचं. अध्यक्ष म्हणाले, ‘बसा ना.’ मी म्हटलं, ‘उभी राहिले तर चालेल?’ ते म्हणाले, ‘छे छे, वर्ग आहे का हा? बसा, बसा!’

बसले. कडेला टेकायला गेले, पण बाई म्हणाल्या, ‘नीट बसा, आरामात.’ नीट बसले. दोन्ही हात मांड्यांत रुतले. पाचर ठोकल्यासारखी.

प्रश्न सोपे होते. उत्तरं चांगली दिली, हे मला ठाऊक आहे. एक तज्ज्ञ तर पुढे झुकून ऐकत होते. मांड्या बधिर होत गेल्या, पण डोकं चालत होतं. मग बाईंनी चष्मा काढला. ‘एक व्यावहारिक शंका. वर्गात सलग तीन तास उभं राहणं तुम्हाला झेपेल?’

नऊ वर्षं! याच इमारतीत! वरच्या मजल्यावर! मघाशी उभं राहू द्या म्हणणारी मीच होते! हे सगळं जिभेच्या टोकाशी आलं. सभेत आलं असतं तर छप्पर उडालं असतं.

मी म्हटलं, ‘हो, झेपेल.’

दोन शब्द.

‘या आता.’ उठले. खुर्चीही उठली. माझ्यासोबत. पाच जणांसमोर. मला वाटतं चार बोटं वर आली. परत बसले. पुन्हा उठले, पुन्हा आली. एक तज्ज्ञ खोकला. खोकला नव्हता तो. तेवढ्यात मागून शिपाईमामा आले, खुर्चीचे मागचे पाय पायांनी दाबून धरले आणि कानाशी म्हणाले, ‘उठा, मॅडम. मी धरलंय. ही हरामखोर सगळ्यांनाच धरते.’

सुटले.

दारापर्यंत गेले. सात-आठ पावलं. दारात भाची दिसली — खरी नाही, मनातली, माझा चष्मा लावलेली. वळले.

‘मला तीन देऊ नका,’ मी म्हटलं. ‘शून्य द्या. आणि कारण लिहा.’

आवाज आलाच नाही. म्हणजे आला, पण माझा नव्हता. कोणा लहान मुलीचा असावा तसा. पुढच्या दोघांना ऐकू गेला की नाही कोण जाणे. अध्यक्ष म्हणाले, ‘काही म्हणालात?’ मी म्हटलं, ‘नाही,’ आणि बाहेर पडले.

नाही म्हणाले! बोलून पुन्हा नाही म्हणाले!


२७ जून

दोन्ही मांड्यांवर काळेनिळे पट्टे. मधलं अंतर मला ठाऊक आहे. साडेसतरा इंच.


२९ जून

सचिवांचा फोन. ‘काढली ना सालटं?’ म्हटलं, निकाल लागू द्या.

भाचीने विचारलं नाही. शाळेतून आली, दप्तर ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. तिने काय वाचलं असेल?


३ जुलै

निकाल फलकावर. एकूण गुणांसकट.

निवड झाली त्यांना सत्त्याहत्तर पूर्णांक आठ. मला सत्त्याहत्तर पूर्णांक चार.

पॉइंट चार.

तीन महिन्यांच्या नोटिशीनंतर माझ्या तासिका नव्या सरांकडे. नोटिसही आजच दिली. फार तत्पर! नव्या सरांशी बोलले, सभ्य मुलगा आहे. म्हणाला, ‘मॅडम, तुमच्या टिपणांवरच मी अभ्यास केला.’ त्याचं काय चुकलं?

घरी आले. भाचीने ताटं घेतली. मी म्हटलं, ‘गेली.’ ती म्हणाली, ‘हं.’ जेवताना एकदम म्हणाली, ‘त्या फोनवरच्या नोकरीला वयाची अट असते का गं?’

 ती चौकशी माझ्यासाठी करत होती की स्वतःसाठी, विचारायचा धीर झाला नाही.


४ जुलै

गुणपटाच्या नकलेसाठी अर्ज दिला. शिक्केवाले म्हणाले, ‘कशाला जिवाला घोर?’ मी म्हटलं, बघू दे. काय बघायचंय तेही ठाऊक आहे. तीन, तीन, तीन, तीन, तीन.

आठवड्यात मिळेल म्हणाले.


८ जुलै

वर्गात आज उदाहरण द्यायला गेले आणि मध्येच थांबले. मुलं वाट बघत राहिली. चार-पाच सेकंदच असतील. पण माझं असं कधी झालं नव्हतं. आवाजही सोडून गेला तर माझ्याजवळ फक्त शरीर उरेल.


१२ जुलै

नक्कल आली.

पहिलं पान — तीन. दुसरं — तीन. तिसरं, चौथं — तीन. पाचवं पान — शून्य. सरासरी दोन पूर्णांक चार. पाचव्यानेही तीनच दिले असते तर माझे अठ्ठ्याहत्तर होत होते. जागा माझी होती! माझ्या त्या चिमुकल्या आवाजातल्या वाक्याने गेली.  कारणाचा रकाना वाचायचा राहिलाच होता. भाचीने वाचला, मोठ्याने —

‘उमेदवार स्थूल आहेत. याखेरीज दुसरे कारण आढळले नाही. उमेदवारांच्या मागणीवरून लिहिले.’ खाली पूर्ण सही, तारीख. शेजारी कॉलेजचा गोल शिक्का, शिक्केवाल्यांनी जरा जास्तच दाबून मारलेला.

सही डुलकीसरांची. झोपले नव्हते ते!

भाचीने कागद दोनदा वाचला. मग उजेडाकडे धरून पाहिला, खरा आहे ना म्हणून. ‘मावशी, यांनी लिहून दिलंय! सही करून!’ आणि दप्तरातून पेन काढलं. ‘सरक तिकडे. वरच्यांना अर्ज मी लिहिते. तुझं अक्षर कोणालाच लागत नाही. तू फक्त बोल.’